टीटी ३० मिमी खाली आहे, १९ इंची कस्टम रिम बनवून राहिलो, ऑफसेट किती सांगू?

निनाद_मनीषनगर

नमस्कार मंडळी. गाडी ऑडी टीटी, तिसरी पिढी, २.० टीएफएसआय क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी. सेकंड हँड घेतली. आधीच्या मालकानं ३० मिमी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग टाकल्या होत्या, शॉकअप मात्र कंपनीचेच आहेत. सध्या कंपनीचेच १८ इंची रिम आहेत. मागच्या बाजूला कोरलंय ९जे × १८ ईटी ५२, म्हणजे ९ इंच रुंद, १८ इंची, आणि ईटी म्हणजेच ऑफसेट ५२ मिमी. टायर २४५/४० आर१८, म्हणजे २४५ मिमी रुंद, भिंत रुंदीच्या ४० टक्के. आजपर्यंत कुठंही घासलेली नाही.

आता फोर्ज्ड, म्हणजे धातू दाबून घडवलेले रिम घेऊन राहिलो. दुकानात टांगलेले तयार नाहीत, ऑर्डरप्रमाणे मशीनवर कापून देतात ते. १९ इंच नक्की, डिझाइन नक्की, रंग ब्रॉन्झ नक्की. त्यांनी एक फॉर्म पाठवला आणि तिथंच गाडी अडली. रुंदी, ईटी, पीसीडी, सेंटर बोअर (रिमचं मधलं भोक), बोल्ट सीट, सगळं मीच भरायचं. पीसीडी ५×११२, म्हणजे ११२ मिमीच्या वर्तुळावर पाच बोल्ट, एवढं मला माहीत आहे. बाकी रकाने रिकामे आहेत. एकदा मशीनवर चढलं की परत घेत नाहीत असं त्यांनी आधीच सांगून टाकलंय.

परदेशातल्या खाली बसवलेल्या टीटींचे फोटो बघून बघून मन ९.५जे ईटी ३५ वर बसलंय. फेंडरच्या रेषेत भरलेलं चाक दिसतं, गाडीचा नूरच बदलतो. मित्र म्हणतो ईटी ४५ घे. का, ते त्याला सांगता येत नाही.

वापर असा: नागपूर, रोज मनीषनगर ते बुटीबोरी, म्हणजे वर्धा रोड. रविवारी पहाटे शिवमडक्यावरून समृद्धी महामार्ग. अधूनमधून आईला घेऊन रामटेक, ती बाजूच्या सीटवर. मागच्या सीटवर कोणी बसत नाही. घरापासून मेन रोडपर्यंत सिमेंट रोड, त्याच्या कडेला पेव्हर ब्लॉक आणि मध्ये मध्ये दबलेली चेंबरची झाकणं.

फॉर्ममध्ये काय भरू? आणि का, तेही सांगा. पुढच्या माणसाला मलाही सांगता आलं पाहिजे.

सदरचा_आरएस

माझी ऑक्टाव्हिया आरएस आहे, पीसीडी तोच ५×११२. निनाद भाऊ, ईटी ३५ चा नाद सोड. गाडी खाली असताना ते चाक पहिल्याच मोठ्या स्पीडब्रेकरला फेंडरची कड चाटतं. ईटी ४५ घे, सेंटर बोअर ६६.६ सांग आणि हबवर (रिम ज्यावर बसतो तो गाडीचा भाग) फट भरायला ५७.१ ची हब रिंग टाक. उद्या दुसरी गाडी घेतली तरी तेच रिम चालतील, विकायलाही सोपे जातील. घासलंच तर बॉडीशॉपवाल्याकडून फेंडरची आतली कड वळवून घे, इथं बरेच जण करतात.

आणि १९ वर जाताना टायरची भिंत कमी होते हे लक्षात ठेव. आपल्या सिमेंट रोडच्या सांध्यांवर १८ आणि १९ मधला फरक कंबरेला कळतो.

चाकाचे_काका

निनाद, आधी एक सांगतो. तो फॉर्म मित्राला विचारून भरू नको, मला विचारूनही भरू नको. तुझ्या गाडीला विचारून भर. मी हिंगणा रोडला अलाइनमेंटचं काम करतो. माझ्याकडं चाकं घासणाऱ्या गाड्या येतात, त्यातल्या बऱ्याच फोटो पाहून रिम घेतलेल्या असतात. तयार रिम घेणाऱ्याचा नाइलाज असतो, ईटी ३५ किंवा ४५ जे मिळेल त्यात गाडी बसवावी लागते. तू तं बनवून घेऊन राहिला. तुला ४१ सांगता येतं, ४८ सांगता येतं. जास्तीचे पैसे त्याच सोयीचे आहेत. ती सोय सोडून फोटोतला आकडा उचलायचा असेल तं तयार रिम काय वाईट?

आता एकेक रकाना.

सेंटर बोअर. सदरच्या भाऊंनी ६६.६ आणि हब रिंग सांगितली. तयार रिमसाठी तोच मार्ग आहे, काही चूक नाही. तुझ्यासाठी सरळ ५७.१ लिही. टीटीचा हब ५७.१ चा आहे, रिम थेट त्याच्यावर बसू दे. मध्ये रिंग कशाला? प्लास्टिकची रिंग ब्रेकच्या उष्णतेनं सैल पडते, ॲल्युमिनियमची पावसाळ्यात हबला धरून बसते. रिम मधोमध बसला नाही की ८० ते ११० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरते, आणि लोक बॅलन्सिंगवर पैसे घालत बसतात. समृद्धीवर चालवणार म्हणतो, तिथं हा त्रास सगळ्यात आधी जाणवेल.

बोल्ट सीट. हा रकाना सगळ्यात लहान दिसतो आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे. ऑडीच्या कंपनी बोल्टचं डोकं जिथं रिमला टेकतं तो भाग गोल असतो, बॉल सीट, आर१३. बाजारातल्या बहुतेक रिमची बैठक तिरपी असते, ६० अंशाची, तिला कोन सीट म्हणतात. गोल बोल्ट तिरप्या बैठकीत घातला तं तो घट्ट झाल्यासारखा वाटतो, पाना पण अडतो, पण टेकलेला असतो फक्त एका बारीक रेषेवर. काही दिवसांनी ढिला. तू बॉल सीट आर१३ लिही. म्हणजे कंपनीचेच एम१४ × १.५ चे बोल्ट चालतील आणि गाडीत स्टेपनी असेल तं तिलाही तेच लागतील. कोन सीट घेणाऱ्यानं जुने पाच बोल्ट डिक्कीत ठेवायलाच पाहिजे, नाही तं रात्री रस्त्यात स्टेपनी आहे आणि बोल्ट नाहीत असं होतं.

बोल्टची लांबीही पाहायची. रिमचा मधला भाग, जो हबला टेकतो, त्याची जाडी कंपनीच्या रिमएवढी ठेवा असं फॉर्मवर लिहून दे. एम१४ × १.५ ला बोल्ट हातानं फिरवताना निदान साडेसात फेरे आत गेला पाहिजे. फार लांब झाला तं हबच्या मागं निघून कशाला तरी लागतो, तेही पाहायचं.

रुंदी. २४५/३५ आर१९ टायरला साडेनऊ इंच ही वरची मर्यादा आहे. बसतं, पण टायर ताणला जातो आणि रिमची कड उघडी पडते. पेव्हर ब्लॉकच्या कडेला गाडी लावणाऱ्यानं हे करू नये. नवीन ब्रॉन्झ रंगाला पहिल्याच आठवड्यात ओरखडा दिसेल. ९जे लिही. कंपनी स्वतः १९ इंचीत टीटीला ९जे ईटी ५२ आणि २४५/३५ देत आली आहे, त्यामुळं त्या मापाला गाडी तयारच आहे.

टायरचा हिशोब मी करून देतो. तुझा आताचा २४५/४० आर१८ उंचीला ६५३ मिमी, २४५/३५ आर१९ निघतो ६५४. एका मिमीचा फरक, म्हणजे स्पीडोमीटर, एबीएस, गिअर कशालाच काही कळणार नाही. भिंत मात्र ९८ वरून ८६ वर येते. बारा मिमी रबर गेलं, आणि खड्ड्यात रिम वाचवायचं काम तेच रबर करत होतं. हे समजून घेऊन १९ ला जात असशील तं जा.

आता ईटी. ईटी म्हणजे रिमच्या मधल्या रेषेपासून हबला टेकणारी बाजू किती बाहेर आहे ते. आकडा कमी झाला की चाक तेवढंच बाहेर येतं. तुझ्या फोटोवाल्या ९.५जे ईटी ३५ चा हिशोब कर: ५२ मधून ३५ गेले, १७ मिमी बाहेर. रुंदी अर्धा इंच वाढली, तिचा अर्धा बाहेर म्हणजे ६ मिमी आणखी. रिमची कड २३ मिमी बाहेर आली. टायरची फुगलेली भिंत रिमएवढी वाढत नाही, अंदाजे अडीच मिमी धर, म्हणजे ती साडेएकोणीस बाहेर. तुझ्या फेंडरखाली एवढी जागा आहे का? ते मला माहीत नाही, फोटोवाल्यालाही माहीत नाही. त्याच्या गाडीच्या स्प्रिंग वेगळ्या असतील, कॅम्बर, म्हणजे चाकाचा झुकाव, वेगळा असेल, त्याच्या गावात स्पीडब्रेकर नसतील.

म्हणून मोजायचं. गाडी सपाट फरशीवर, चाकं सरळ, टाकी भरलेली. गवंड्याकडचा ओळंबा आण. फेंडरच्या कडेवरून दोरी सोड, चाकाच्या अगदी मधोमध. दोरीपासून टायरच्या फुगीर भागापर्यंतचं अंतर लिहून घे, चारही चाकांचं, कारण डावीकडचं आणि उजवीकडचं सारखं निघेलच असं नाही. मग चाक काढून आतल्या बाजूला टायर आणि शॉकअपमध्ये किती जागा होती ते पाहा.

हे झालं उभ्या गाडीचं. चालत्या गाडीचं माप वेगळं, आणि खरं तेच. मुलांच्या खेळण्यातली क्ले घे, दोन बोटं जाड, आणि फेंडरच्या आतल्या कडेला चिकटव. पुढच्या लायनरवर, म्हणजे फेंडरच्या आतल्या आवरणावर, वरच्या बाजूला एक आणि मागच्या बाजूला एक, तिथं स्टिअरिंग वळल्यावर टायर येतो. आईला बाजूला बसव, डिक्कीत नेहमीचं सामान ठेव. रोजच्या रस्त्यावरचा सगळ्यात उंच स्पीडब्रेकर सावकाश पार कर, मग कुठं तरी मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं. परत आल्यावर क्ले दाबून किती जाडीची उरली ते मोज. टायर आणि फेंडरमध्ये सगळ्यात कमी किती जागा राहते, त्याचं उत्तर त्या जाडीत आहे.

तिथं निदान ५ मिमी उरलं पाहिजे, ७ उरलं तं मी निवांत.

शेवटची गोष्ट, फेंडरची कड वळवणं. सदरच्या भाऊ, तुमच्या आरएसचं पत्रं लोखंडी आहे, तिथं जमतं. तिसऱ्या पिढीच्या टीटीची बाहेरची पत्रं ॲल्युमिनियमची आहेत. निनाद, एक लोहचुंबक घे आणि फेंडरला लावून पाहा, चिकटणार नाही. ॲल्युमिनियमची कड वळवायला गेलं की ती कडक होते आणि तडकते, रंग तं आधीच जातो. आणि तडकलेलं ॲल्युमिनियम लोखंडाच्या सवयीनं कोणी जोडायला घेतलं तं आणखी बिघडवून ठेवतो. या गाडीचा फेंडर हात न लावता ठेवायचा आणि चाक त्याच्या आत बसवायचं.

मोजून आकडे इथं टाक.

ऋतुजा_एक्सएल

काकांनी रिमचं सांगितलं, मी टायरचं सांगते, कारण माझी रोजची बाजू ती आहे.

निनाद दादा, २४५/४० आर१८ मध्ये साधा टायर लोड इंडेक्स ९३ चा येतो, म्हणजे एका टायरवर ६५० किलो. २४५/३५ आर१९ मध्ये साधा टायर ८९ वर येतो, ५८० किलो. १९ मध्ये तोच ९३ हवा असेल तर एक्सएल घ्यावा लागेल, भिंतीवर एक्सएल किंवा एक्स्ट्रा लोड लिहिलेलं असतं. फक्त माप आणि नक्षी बघून टायर घेऊ नका, इंडेक्स वाचा. कंपनीचा इंडेक्स आणि हवेचं प्रमाण ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे असतं, त्याच्या खाली जाऊ नका. आणि एक्सएल टायर तोच भार उचलायला साध्या टायरपेक्षा थोडी जास्त हवा मागतो.

दुसरं, आपलं गाव. मे महिन्यात आपण ४५ च्या वर सहज जातो, २०१३ च्या मे मध्ये ४७.९ नोंदलं गेलंय. सिमेंटचा रस्ता त्याहून तापतो. पहाटे गार टायरमध्ये ३६ भरली आणि आतली हवा ३० अंशांवरून ६५ ला गेली, तर साडेपाच-सहा पाउंड आपोआप चढतात. हे टायर धरून बनवलेला असतो. धोका उलट्या बाजूनं आहे. दुपारी पेट्रोल पंपावर मीटर ४२ दाखवतं, माणूस घाबरतो, हवा सोडतो. मग पहाटे तोच टायर ३० वर येतो, आणि कमी हवेचा टायर समृद्धीवर १२० ला भिंत वाकवत वाकवत स्वतःला तापवतो. टायर फुटण्यामागे बऱ्याचदा हेच असतं, आणि ८६ मिमीच्या भिंतीला वाकायला जागा आणखी कमी असते. हवा घरून निघण्याआधी, गार टायरवरच बघायची. नायट्रोजन भरा किंवा साधी, हा नियम बदलत नाही.

टायरवर डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे बघा, टायर कधी बनला ते त्यातून कळतं. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. गोदामात पडलेले जुने टायर स्वस्तात मिळतात. नागपूरच्या उन्हाळ्यासाठी ते घेऊ नका, मग नक्षी कितीही नवी दिसो.

क्वाट्रो आहे म्हणून आणखी एक: चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, एकाच वेळी घ्या. पुढच्या आणि मागच्या चाकांचा घेर वेगळा झाला की मागच्या चाकांना ताकद जोडणारा क्लच सतत काम करत राहतो.

निनाद_मनीषनगर

काका, ऋतुजाताई, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार.

मोजून आलो. ओळंबा शेजारच्या बांधकामावरून आणला. मिस्त्री स्वतः दोरी धरून उभा राहिला, त्यालाही गंमत वाटून राहिली होती.

ओळंब्यापासून टायरपर्यंत: पुढे डावीकडे १७, उजवीकडे १६. मागे दोन्हीकडे १९. आत पुढे शॉकअपपर्यंत १४, मागे जवळच्या भागापर्यंत २२.

क्लेचं माप: पुढे वरच्या बाजूला १२ उरली, स्टिअरिंग वळवताना लायनरच्या मागच्या बाजूला १५. मागे १७. आईला विचारून रोजच्याच स्पीडब्रेकरवरून नेली, दोनदा. तिला वाटलं गाडी खराब झाली. चुंबकही लावला, खरंच चिकटत नाही!

म्हणजे ९.५ ईटी ३५ गेलं. टायरच ओळंब्याच्या साडेतीन मिमी बाहेर येत होता. मन थोडं मोडलं, पण मापासमोर काय बोलणार.

आता प्रश्न असा. मागे जागा जास्त आहे. तर पुढे ईटी ४७ आणि मागे ईटी ४२ असं करू का? मागचं चाक थोडं भरलेलं दिसेल, आणि टायर चारही सारखेच राहतील.

सदरचा_आरएस

काका, ॲल्युमिनियमचं मला माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलं.

निनाद, पुढे ४७ मागे ४२ छान होईल. बनवून घेणाऱ्यालाच ही मजा मिळते. मी तर तेच करीन.

चाकाचे_काका

हाव, आता गाडी स्वतः बोलून राहिली. हिशोब बघ.

पुढे क्ले १२ उरली. ईटी ४५ केला तं ७ बाहेर, उरतात ५. चालतं, पण अगदी काठावर. उद्या स्प्रिंग थोडी बसली, आणि स्प्रिंग बसतेच, की घासायला लागेल. ईटी ४७ केला तं ५ बाहेर, उरतात ७. मी ४७ वर थांबतो. आतल्या बाजूला ५ मिमी मोकळी होते, १४ चे १९ झाले, तिकडं काही विचारायचं नाही. ओळंब्यापासून आता ११-१२ राहतील. आणि चाक फार बाहेर न काढल्यानं स्टिअरिंगही सिमेंटच्या रेघोट्यांवर इकडंतिकडं ओढली जाणार नाही, ईटी ३५ ला ते जाणवलं असतं.

मागं ४२ केला तं १० बाहेर, १७ तले ७ उरतात. माप बसतं, भाऊंचं म्हणणं खोटं नाही. तरी मी चारही ४७ म्हणीन. तुझ्या गाडीचा इंजिनाचा भार पुढच्या चाकांवर जास्त, पुढचे टायर आधी झिजतात. क्वाट्रोत चारही टायरचा घेर सारखा ठेवायचा असेल तं दर ८-१० हजार किलोमीटरला पुढचे मागं, मागचे पुढं करत राहायला पाहिजे. मागचा ४२ वाला रिम पुढं लावला की १२ तून १० गेले, २ मिमी उरले. लावताच येणार नाही. मग दर वेळी टायर रिमवरून उतरवायचे, पुन्हा चढवायचे, पुन्हा बॅलन्सिंग, आणि दर वेळी नव्या रंगाला टायर मशीनचा लोखंडी ओठ लागायची भीती. पाच मिमीच्या दिसण्यासाठी एवढं नको. ही गाडी रोज बुटीबोरीला जाते, नुसती फुटाळा तलावावर उभी राहत नाही.

अजून दोन गोष्टी फॉर्मसोबत पाठव. पुढच्या ब्रेक कॅलिपरचा पुठ्ठ्याचा साचा कापून घे, हबच्या तोंडापासून कॅलिपर किती बाहेर आलाय आणि किती उंच आहे तो आकार. १९ इंचात गोल भाग नक्की बसेल, पण स्पोक आतल्या बाजूला वळलेले असतील तं तिथं लागू शकतो. निदान ३ मिमी मोकळी पाहिजे. आणि त्यांना रिमचं वजन लेखी विचार. फोर्ज्ड म्हणून पैसे देऊन राहिला आणि रिम कंपनीच्या १८ पेक्षा जड आला, तं फोर्ज्डचा फायदा काय? आल्यावर वजनकाट्यावर ठेवून पाहा, लाज वाटून घेऊ नको.

बसवताना: हबचं तोंड तारेच्या ब्रशनं साफ, गंज राहिला की रिम सपाट बसत नाही. बोल्टला तेल-ग्रीस लावायचं नाही, कोरडे. पाचही बोल्ट हातानं आत, मग एकाआड एक, चांदणीच्या आकारात. हवेच्या गननं शेवटचं आवळू द्यायचं नाही, समोर उभा राहा. चाकं जमिनीवर टेकल्यावर टॉर्क रेंचनं १२० न्यूटन मीटर. शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तेच, गार रिमवर. नवीन रिमचा रंग आणि बैठक थोडी दबते, म्हणून पुन्हा पाहायचं.

मग अलाइनमेंट. स्प्रिंग टाकल्यावर कोणी केलं होतं का ते तुला माहीत नसेल, आधीच्या मालकाची गाडी. खाली बसल्यावर चाकाचा वरचा भाग आत झुकतो, तो कॅम्बर. त्याला लोक घाबरतात, पण टायर खातो तो मुख्यतः टो, म्हणजे वरून पाहिलं तं चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं. मागं दोन्ही ॲडजस्ट होतात, पुढं टो होतो, कॅम्बर फारसा नाही. मागचं अलाइनमेंट आम्ही करत नाही असं कोणी म्हणालं तं तिथून निघ, तुझ्या गाडीला चारही चाकांचं लागतं. छापील कागद घे, आधीचा आणि नंतरचा. कुठंही कर, माझ्याकडंच ये असं नाही.

एमएच३१_विमा

एक कागदाची बाजू, थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत बदल करण्याबद्दल आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. काकांनी चाक फेंडरच्या आत ठेवायला सांगितलं ते या बाजूनंही बरं, बाहेर आलेलं चाक लगेच नजरेत येतं. कंपनीचे रिम विकू नका, घरी ठेवा.

रिम घेताना बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरो) चिन्ह आणि आयएस १६१९२ चा उल्लेख बिलावर मागा. हलक्या धातूच्या रिमच्या चाचण्या त्या मानकात आहेत. जेडब्ल्यूएल कोरलेलं असेल तर ते जपानी मानक आहे, चांगलंच आहे, पण बिल आपल्याकडचं हवं. बिल हातात आल्यावर विमा कंपनीला कळवून रिमची किंमत पॉलिसीत वेगळी लिहून घ्या. लिहिलेली नसेल तर चोरी झाल्यावर कंपनी मूळ रिमच्याच किमतीचा विचार करेल.

निनाद_मनीषनगर

चारही ४७, ठरलं. मागं ४२ चा मोह होता, पण टायर फिरवता येणार नाहीत हे डोक्यातच आलं नव्हतं.

फॉर्म असा भरला: १९ × ९जे, ईटी ४७, ५×११२, सेंटर बोअर ५७.१, बॉल सीट आर१३, हबला टेकणाऱ्या भागाची जाडी कंपनीच्या रिमप्रमाणे. पुठ्ठ्याचा साचा कापून झाला, मोजमाप टाकून फोटोही पाठवला. वजन आणि बीआयएस लेखी मागितलंय. टायर २४५/३५ आर१९ ९३ एक्सएल. पाठवण्याआधी कोणाला काही खटकत असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा.

काका, एकच राहिलं. गाडीत टायरची हवा कमी झाल्याचा इशारा येतो. नव्या रिममध्ये सेन्सर वेगळे घ्यावे लागतील का?

चाकाचे_काका

फॉर्म बरोबर आहे, पाठव.

सेन्सरचं: तुझ्या पिढीच्या टीटीत व्हॉल्व्हमध्ये सेन्सर नसतो, एबीएसच्या सेन्सरवरून चाकाचा वेग पाहून गाडी हवा ओळखते. आताच्या एका रिमवरून टायर उतरवशील तेव्हा व्हॉल्व्ह आतून पाहून खात्री कर. नसेल तं साधे धातूचे व्हॉल्व्ह घे, रबरी नको, वेगाला ते वाकतात. नवीन टायर बसले, पहाटे गार टायरमध्ये हवा बरोबर भरली, की गाडीच्या मेनूमध्ये जाऊन टायर प्रेशर सेव्ह करायचं. त्याआधी केलं तं चुकीची हवाच तिला बरोबर वाटत राहील.

रिम आले की बसवायच्या आधी रिकामा रिम हबवर हातानं लावून पाहा, टायर चढवण्याच्या आधी. ५७.१ बरोबर कापलाय का, कॅलिपरला मोकळी आहे का, बोल्ट किती फेरे आत जातो, सगळं तेव्हाच कळतं. टायर चढल्यावर रिम परत घ्यायला कोणी तयार होत नाही.